बाळाच्या खोलीचे पांढरे पडदे घरी रंगवायचे असतील तर

ताई सातव्या महिन्यात माहेरी आली तेव्हा आईने माळ्यावरून पांढऱ्या पडद्यांची जोडी काढली, तीनेक वर्षांपूर्वी घेतलेली, कधी लावलीच नव्हती. खोली पश्चिमेची, भिंती पांढऱ्या, पाळणा पांढरा, त्यात हे पडदे, म्हणजे दुपारी नुसता चकचकाट. मग मी म्हटलं मी रंगवते. त्यानंतरचे दोन आठवडे मी जे काही केलं त्यातलं निम्मं परत करावं लागलं, कारण सगळे सांगतात रंग कसा करायचा, पण कापड कुठलंय ते आधी बघा असं मला कुणीच सांगितलं नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. पहिल्यांदा करणाऱ्याला दोन सुट्टीचे दिवस आणि मधे एक आठवडा वाळवायला, हवा खायला, एवढा वेळ लागतो. बारशाच्या आदल्या दिवशी सुरू करू नका.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी. रंगाची कोरडी पूड हाताळायचं काम गरोदर बाईने करायचं नाही. ही पूड फार बारीक असते, श्वासात गेली तर काहींना अ‍ॅलर्जी होते, दम्यासारखा त्रास सुरू होऊ शकतो. ताई फक्त रंग निवडायला होती, बाकी वेळ ती दुसऱ्या खोलीत आणि दार बंद. हे काम नवरा, बहीण, दीर, कुणीही करू दे, पण मास्क लावून.

१. कापड ओळखा

दुकानदाराने प्युअर कॉटन सांगितलं होतं म्हणून मी विश्वासाने रंगात घातलं आणि बाहेर काढलं तर धुऊन धुऊन विटल्यासारखा रंग, जवळून बघितलं तर एक धागा रंगलेला एक पांढराच. मिक्स कापड होतं. सुती धाग्याने रंग घेतला, पॉलिएस्टरने घेतला नाही.

हे दोन मिनिटांत कळतं. पडद्याच्या खालच्या दुमडीच्या आतून उभे चार धागे आणि आडवे चार धागे वेगवेगळे काढा (दोन्ही काढा, कारण ताणा एक आणि बाणा दुसराच असू शकतो), चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळल्यासारखाच वास येतो आणि मऊ राखाडी राख राहते, बोटाने चुरली जाते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, वितळतं, काळा धूर निघतो आणि शेवटी टणक मणी राहतो जो चुरला जात नाही. राखही आहे आणि मणीही आहे तर मिक्स. गरम मण्याला हात लावू नका, चटका बसतो.

पुढचं सगळं यावर ठरतं. पूर्ण सुती असेल तर बादलीत बुडवून रंगवता येतं, पायरी २ पासून ७ पर्यंत सगळं करा. पॉलिएस्टर किंवा मिक्स असेल तर पायरी २ बघून सरळ ८ वर जा, म्हणजे ठसे. पॉलिएस्टर घरी उकळून रंगवायचा खटाटोप करूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारखान्यात त्यासाठी वेगळे रंग आणि दाबाखाली १३० अंशाच्या आसपास तापमान लागतं, घरच्या पातेल्यात ते होत नाही.

अजून एक, पडदा सुती असला तरी शिलाईचा दोरा आणि वरच्या चुण्यांची पट्टी बहुतेक वेळा पॉलिएस्टरची असते. ती पांढरीच राहणार. फिकट रंगात ते छान दिसतं, मुद्दाम केल्यासारखं वाटतं, पण गडद निळ्यावर पांढरे टाके डोळ्यात येतात. फिकट रंग घ्या म्हणायचं हे पहिलं कारण.

२. रंग ठरवताना खिडकीसमोर उभे राहा

कॅटलॉगमधला रंग आणि पडद्याचा रंग यात फरक असतो कारण पडद्यातून ऊन आत येतं आणि तो रंग घेऊनच आख्ख्या खोलीत पसरतं. ओढणी असते ना घरात, पाच-सहा रंगांच्या ओढण्या एकेक करून खिडकीवर क्लिपने लावून बघा, सकाळी आणि दुपारी चार वाजता, दोन्ही वेळा. आमच्या पश्चिमेच्या खिडकीत आबोली रंग लावल्यावर खोली भट्टीसारखी वाटायला लागली, तोच रंग उत्तरेच्या खोलीत सुंदर दिसला असता. पिस्ता आणि आकाशी लावल्यावर दुपार एकदम शांत झाली.

पिवळा नको. हे मी आवडीनिवडीचं बोलत नाहीये. दिवस भरून जन्मलेल्या बाळांपैकीही साधारण ६० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ दिसते, आणि घरी आल्यावर बाळाची कातडी, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतोय का हे आपण दिवसाच्या उजेडात बघतो. पिवळ्या पडद्यातून आलेल्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं, मग एकतर उगाच घाबरायला होतं नाहीतर खरी कावीळ नजरेतून सुटते. लिंबू, हळदी, गडद केशरी हे रंग पहिले काही महिने तरी खिडकीवर नकोत. आणि कुठलाही रंग लावलात तरी बाळाला बघताना पडदा बाजूला सरकवून साध्या उजेडात बघा, शंका आली तर लगेच डॉक्टर.

बाळाला काय आवडेल यावर फार वाद घालू नका. नवजात बाळाला जेमतेम २० ते ३० सेंटीमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे दूध पाजताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढं. खिडकीवरचा पडदा त्याला बरेच दिवस नुसता उजेड-अंधार म्हणून दिसणार. रंग नीट ओळखायला चार-पाच महिने जातात. तोपर्यंत त्या खोलीत रात्रंदिवस जागी असणारी आई आहे, तिचे डोळे कशाने निवतात ते बघा. आमच्याकडे ताईने पिस्ता निवडला.

३. सामान

पडदा आधी वजन करा, सगळी मापं कोरड्या कापडाच्या वजनावर चालतात. सात फूट लांब आणि चार फूट रुंद मध्यम जाडीचा सुती पडदा साधारण ४०० ग्रॅम भरतो, म्हणजे जोडी ८०० ग्रॅम. त्या हिशोबाने फिकट रंगासाठी:

– रिअ‍ॅक्टिव्ह रंग, कोल्ड ब्रँड (न उकळता कोमट पाण्यात बसणारा): ८ ग्रॅम
– जाडं मीठ: ४८० ग्रॅम
– धुण्याचा सोडा, पावडर (सोडा अ‍ॅश): १६० ग्रॅम
– पाणी: १६ लिटर
– ४० लिटरचा प्लास्टिकचा टब, लांब लाकडी दांडा, रबरी हातमोजे, मास्क, ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा
– जुनी बादली, मग, वाटी (यानंतर ही भांडी स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत)

पुण्यात मला रंग आणि सोडा रविवार पेठेत बोहरी आळीत मिळाला, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलची दुकानं आहेत. ऑनलाइनही मिळतं.

सोड्याचा घोळ सगळ्यांचा होतो. खायचा सोडा चालत नाही, तो फार सौम्य असतो, रंग बसतच नाही. आणि धुण्याचा सोडा खड्यांच्या रूपात मिळाला तर त्यात पाणी धरलेलं असतं, मग तो पावडरच्या साधारण अडीच-पावणेतीन पट घ्यावा लागतो.

दुसरा घोळ रंगाचा. किराणा दुकानात कपड्याच्या रंगाच्या छोट्या पुड्या मिळतात, उकळत्या पाण्यात मीठ घालून करायच्या. त्यात बहुतेक डायरेक्ट रंग असतात, ते धाग्यावर नुसते बसतात, पक्के जोडले जात नाहीत म्हणून धुताना सुटत राहतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंग वेगळा, १९५६ साली बाजारात आला, तो सोड्याच्या मदतीने सुती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो म्हणजे धाग्याचाच भाग होतो. बाळ उद्या उभं राहायला शिकलं की पहिलं पडदा धरून चोखणार आहे, तेव्हा रंग न सुटणारा हवा. सुटा, बिननावाचा, पाकिटावर काहीही न लिहिलेला रंग घेऊ नका, काही अ‍ॅझो आणि बेन्झिडीनवाल्या (म्हणजे घातक रसायनं सोडू शकणाऱ्या) रंगांवर आपल्याकडे नव्वदच्या दशकातच बंदी आली आहे आणि सुट्या पुडीत काय आहे ते आपल्याला कळायला मार्ग नाही.

हळदीने रंगवा असं घरातलं कुणीतरी म्हणेलच, आमच्याकडे आत्या म्हणाली. हळद सुती कापडावर पटकन चढते हे खरं, पण उन्हात काही दिवसांत उडते आणि साबणाचं पाणी लागलं की लाल होते, हे आपण डाग धुताना सगळ्यांनी बघितलंय. खिडकीवरच्या पडद्याला ऊनही लागणार आणि साबणही. शिवाय पिवळ्याचं वर सांगितलंच.

४. खळ काढा, माप घ्या

नवीन पडद्यात खळ असते, वरून फिनिशिंग असतं, ते काढलं नाही तर रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसतो. बादलीभर कडकडीत पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडी डिटर्जंट पावडर, पडदे तासभर बुडवून ठेवा, मग चोळून खंगाळा. पाणी पिवळट निघेल. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो लगेच शोषला गेला तर कापड तयार, थेंब वर मोत्यासारखा बसला तर परत एकदा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको.

सुती कापड आटतं. ३ ते ५ टक्के धरा, सात फुटांवर अडीच ते चार इंच. पडदा आधीच जमिनीला जेमतेम टेकत असेल तर धुतल्यावर परत मोजा, खालची दुमड उसवून लांबी काढता येते का बघा आणि ते रंगवायच्या आधीच करा, नंतर उसवली तर दुमडीची रेघ वेगळ्या छटेची दिसते.

५. पट्टीवर करून बघा

दुमडीतून किंवा बांधायच्या पट्ट्यातून बोटभर तुकडा कापा. कपभर पाण्यात त्याच प्रमाणात रंग, मीठ, सोडा घेऊन तासभर ठेवा, धुवा, पूर्ण वाळवा. पूर्ण! ओलं कापड वाळल्यापेक्षा बरंच गडद दिसतं. मी ओल्या पट्टीवरून ठरवलं आणि वाळल्यावर पिस्ता जवळजवळ दिसेनासाच झाला होता, मग रंग ८ वरून १२ ग्रॅम केला. खूप शुभ्र निळसर चमक असलेल्या पडद्यात चमकवायचं रसायन असतं, त्यावर रंग थोडा थंड दिसतो, तेही पट्टीवरच कळतं.

६. रंगवणं

गच्चीवर किंवा मोरीत करा. बाथरूमच्या टाइल्सच्या मधल्या फटी रंग धरतात.

पाणी ३५ ते ४० अंश हवं, हाताला कोमट लागेल असं. थंडीत नळाच्या पाण्यात केलं तर रंग नीट बसत नाही, म्हणून गरम पाणी मिसळून घ्या. बोअरचं जड पाणी शक्यतो नको, नगरपालिकेचं वापरा.

पूड वाटीत घ्या, मास्क लावून, पंखा बंद करून. चमचा-दोन चमचे पाण्यात आधी घट्ट पेस्ट करा, मग कोमट पाणी वाढवा, जुन्या ओढणीतून गाळून टबात ओता. गाळायचा कंटाळा केलात तर न विरघळलेल्या कणाचा गडद ठिपका बरोबर पडद्याच्या मधोमध येतो. अर्धं मीठ घालून ढवळा. पडदे साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या आणि ओलेच टबात सोडा, कोरडे सोडले तर जिथे आधी पाणी लागेल तिथे गडद होतं.

पहिली वीस मिनिटं सतत हलवायचं, कापड उलटसुलट करत राहायचं, दहा मिनिटांनी उरलेलं मीठ घालायचं. मीठ रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं, एवढंच त्याचं काम. रंग पक्का होतो तो सोड्याने. सोडा वेगळ्या तांब्याभर गरम पाण्यात विरघळवून घ्या, पडदे दांड्याने एका बाजूला उचलून धरा आणि मोकळ्या पाण्यात ओता, कापडावर थेट ओतू नका. इथे दोन माणसं लागतात, मी बाबांना दांडा धरायला उभं केलं होतं. मग पुढचा एक तास दर पाच मिनिटांनी हलवत राहा. मधे फोन आला म्हणून सोडून गेलात तर घड्या तशाच रंगतात. दोन्ही पडदे एकाच टबात, एकाच वेळी. वेगवेगळे केले तर छटा कधीच जुळत नाही.

उरलेलं पाणी कुंड्यांना घालू नका, मीठ-सोड्याने झाडं मरतात. भरपूर पाण्यासोबत गटारात सोडा.

७. धुणं, आणि इथे घाई नको

रंगवायला दीड तास लागतो आणि धुवायला त्याहून जास्त. आधी गार पाण्यात खंगाळा, मीठ-सोडा जाईपर्यंत, चार-पाच पाणी. मग कडकडीत पाण्यात थोड्या डिटर्जंटसोबत पंधरा मिनिटं बुडवा, पाणी परत रंगीत होईल, घाबरू नका, जो रंग धाग्याशी जोडला गेला नाही तोच सुटतोय आणि तो निघालाच पाहिजे. परत गार, परत गरम, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

शेवटी परीक्षा: ओल्या पडद्यावर पांढरा सुती रुमाल ठेवून गरम इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर अजून एक गरम पाणी. नाही लागला तर सावलीत वाळवा. पावसाळ्यात करत असाल तर पंख्याखाली पूर्ण पसरून, तारेवर दुमडून ठेवलं तर दुमडीच्या जागी ओल राहून कुबट वास धरतो.

८. ठसे, पॉलिएस्टरवाल्यांसाठी आणि हौस असणाऱ्या सगळ्यांसाठी

मिक्स कापडाची माझी पहिली जोडी वाचली ती यामुळे. विटका पिस्ता रंग तसाच ठेवून त्यावर पांढरे आणि गडद हिरवे ठसे मारले आणि आज तीच जोडी बाळाच्या खोलीत आहे, नंतर नवीन सुती घेऊन रंगवलेली जोडी आईच्या खोलीत गेली.

फॅब्रिक पेंट लागतात, पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. पॉलिएस्टरसाठी घेताना बाटलीवर सिंथेटिक कापडावर चालेल असं लिहिलंय ना ते बघा. लाकडी ब्लॉक मिळाले तर उत्तम, नाही तर शाळेत करायचो ते भेंडीचे ठसे. भेंडी देठाकडून अर्ध्या इंचावर आडवी कापा, पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. कापल्यावर पाच मिनिटं कागदावर उलटी ठेवा, चिकट पाणी निघून जाऊ दे, नाहीतर रंग पसरतो. एक भेंडी वीसेक ठसे चालते मग मऊ पडते, पाव किलो आणलीत तर पुरेल. मोठं भावंड असेल तर हे काम त्याला द्या, आमच्याकडे ताईच्या मोठ्या लेकाने, वय वर्षं पाच, एक आख्खी रांग मारलीय आणि ती बाळाची खिडकी आहे हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

टेबलावर जुनी गोधडी, त्यावर जुनी चादर, त्यावर पडदा ताणून पिना लावा. कडक टेबलावर ठसा अर्धवट उठतो. रंग ताटलीत स्पंजवर ओता आणि ठसा स्पंजवर हलकेच टेकवा, रंगात बुडवू नका.

नक्षी कुठे काढायची हे आधी ठरवा. पडदा खिडकीच्या दीड-दोन पट रुंद असतो, म्हणजे लावल्यावर त्याच्या चुण्या पडतात आणि मोठं चित्र त्यात गायब होतं. हत्ती काढलात तर नुसती सोंड दिसते. छोटी छोटी फुलं, ठिपके, पानं, तीही खालच्या एक तृतीयांश भागात दाट आणि वर जाताना विरळ, हे चुण्यांमध्येही छान दिसतं.

पूर्ण दिवस वाळू द्या. मग उलट बाजूने, मधे सुती कापड ठेवून, एकेका जागी तीन-चार मिनिटं इस्त्री फिरवत राहा. सुतीवर गरम, पॉलिएस्टरवर कमी आणि एका जागी थांबायचं नाही. त्यानंतर तीन दिवस तरी पाणी लावू नका. बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर ते खरं धरा.

९. लावण्याआधी

रंगवलेले असोत की ठसे मारलेले, एकदा बाळाचे कपडे धुतो त्याच सौम्य साबणात वेगळे धुवा आणि आठवडाभर गॅलरीत हवेवर ठेवा. नाक लावून बघा, वास आला तर अजून दोन दिवस.

आरसे, मणी, गोंडे, लटकन काहीही शिवू नका, सुटून तोंडात जातं. ओढायच्या दोऱ्या, बांधायचे लांब पट्टे असतील तर काढून टाका किंवा बाळाच्या हाताच्या खूप वर हुकाला गुंडाळून ठेवा, दोरीचा फास गळ्यात अडकून अपघात होतात. पाळणा खिडकीपासून लांब, हात पोचणार नाही इतका. आम्ही पाळणा आधी खिडकीखाली लावला होता, ठसे वाळायच्या आत तो समोरच्या भिंतीला हलवला.

फिकट पडद्याने खोली अंधारी होत नाही. दुपारच्या झोपेला अंधार हवा असेल तर मागून दुसऱ्या दांडीवर जाड अस्तराचा पडदा लावा, त्यासाठी हा गडद करायला जाऊ नका.

आणि पट्टीचा तो बोटभर तुकडा फेकू नका. वहीच्या पानावर टाचून शेजारी ग्रॅम लिहून ठेवा, मी ‘पिस्ता, ८०० ग्रॅम कापड, १२ ग्रॅम रंग’ असं लिहून ठेवलंय, कारण ताईला आता त्याच रंगाचा पाळण्याचा झोळीपट हवाय.